जावजींचं तिसरं पान आणि ळ चा दुष्काळ

आठ पानी पुस्तिकेचं तिसरं पान अखेर चेसमध्ये, म्हणजे पान आवळून धरणाऱ्या लोखंडी चौकटीत, बसलं. बसलं म्हणजे चेस उचलला तर खाली खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, पडत नाहीत, इतकंच. वाचण्याजोगं छापलं जातंय का, तर अजून नाही.

नव्यांसाठी थोडक्यात. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं पायाने मारायचं ट्रेडल छपाईयंत्र आहे, 10×15 इंची चेसचं. त्यावर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचं छोटं चरित्र हाताने जुळवून छापतोय. ज्या माणसाचा जन्म खिळ्यांत गेला त्याच्यावरचा मजकूर संगणकावर लावून ऑफसेटला द्यायचा, हे काही मला पटेना. बायको याला हट्ट म्हणते. तिचं बरोबर आहे.

तिसऱ्या पानावर लहानपण आहे. 1839 चा जन्म, घरची गरिबी, आणि दहाव्या वर्षी मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायची नोकरी, महिना दोन रुपयांवर. हे मी आधी एका ओळीत उरकलं होतं. टाइप घासणं म्हणजे पोरासोरांचं काम, त्यात काय लिहायचं? मग पहिलं प्रूफ काढलं आणि ती ओळ वाढवून अर्ध्या पानाची केली.

झालं असं की माझ्याकडे दोन केसी, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, आहेत. एक मध्य प्रदेशातल्या बंद झालेल्या हिंदी छापखान्यातली. भरपूर खिळे, बरेचसे न वापरलेले. दुसरी इथल्याच एका छापखान्याची, भंगाराच्या भावाने किलोवर घेतलेली, झिजलेली. हिंदी केसीत ळ अवघे अकरा निघाले. हिंदीला ळ लागतोच कुठे? आणि माझ्या पानावर ‘खिळे’ हा शब्दच चौदा वेळा. शिवाय त्या केसीतला ल दांडीचा, श ही त्यांच्या वळणाचा. पाकळीचा ल आणि देठाचा श यांच्याशिवाय मराठी पान डोळ्यांना परकं वाटतं. म्हणून ळ, ल, श मराठी केसीतले आणि बाकी बहुतेक सगळं हिंदीतलं, अशी खिचडी केली.

प्रुफात ती खिचडी लगेच दिसली. जिथे जिथे ळ, ल, श तिथे अक्षर फिकं, एखाद्याचे मधलेच दात पडावेत तसं. मापून पाहिलं. खिळ्याची उंची साधारण 23.3 मिलिमीटर हवी. झिजलेले खिळे त्याहून जेमतेम पाच-सहा शतांश मिलिमीटरने बुटके आहेत. पण छापताना तेवढं पुष्कळ झालं.

त्याहून वाईट गोष्ट शिरोरेखेची. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी राहतात, दोन अक्षरांत केसभर फट पडली तर कुणी बघत नाही. आपल्याकडे रेघ या खिळ्यावरून त्या खिळ्यावर गेली पाहिजे. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडेला धातूची बारीक कोर राहते. ती घासून काढली नाही तर शेजारचा खिळा अंगाला अंग लावून बसत नाही आणि रेघ तुटते. माझ्या कोऱ्या खिळ्यांचं नेमकं तेच झालंय. म्हणजे दोन रुपये पगाराच्या त्या पोरानं काम नीट केलं नाही, तर शिरोरेखा गेलीच.

तुटली कुठे, तर नेमकी ‘निर्णयसागर’ या शब्दात. स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, अक्षरं उलटी लागतात, त्यामुळे शिरोरेखा खाली, बुडाशी असते आणि फट डोळ्यांना दिसतच नाही. नखाला लागते. नि आणि र्ण च्या मध्ये नख अडकलं, य आणि सा च्या मध्ये पुन्हा. रफार तर वेगळाच तुकडा. मराठी केसी जुन्या मुंबई वळणाची, म्हणजे डिग्रीची आहे. त्यात वरच्या मात्रा, रफार वेगळे जोडावे लागतात, आणि ज्याचा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतो तो आधी मोडतो. फर्मा, म्हणजे चेसमधलं जुळवलेलं पान, आवळताना माझा रफार मोडला आणि दगडावर पडला. तांदळातल्या खड्याएवढा. अर्धा तास शोधला, शेवटी चपलेच्या तळव्याला चिकटलेला मिळाला.

उपाय दोन केले. काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून खिळे घासायला बसलो. कोरडं घासू नका, शिशाची पूड हवेत जाते. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक खिळे झाले, त्यांतले तीन स वाया गेले. एका बाजूला जास्त दाबलं की खिळा पाचरीसारखा होतो आणि ओळ तिरकी धावते. किती घासायचं हे बोटाला कळावं लागतं. माझ्या बोटाला अजून कळत नाही.

दुसरा उपाय पतंगाच्या कागदाचा. बुटक्या ळ, ल, श च्या बुडाला त्याची चिकटी लावली, एकेका खिळ्याला, चिमट्याने. ‘खिळे’ पाच ठिकाणी बदलून ‘टाइप’ केलं, तेवढेच पाच ळ कमी. लेखकही मीच, त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं.

पुढचं पान मला जास्त आवडतं. जावजींनी 1864 ला आधी टाइपाची ओतशाळा काढली, छापखाना त्यानंतर पाच वर्षांनी, 1869 ला. आधी अक्षर, मग कागद. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे टाइप त्यांना लाभले नसते, तर निर्णयसागरचं नाव एवढं झालं नसतं, असं माझं मत. 1886 पासूनची त्यांची काव्यमाला ही संस्कृत काव्यांची मालिका हातात घेऊन बघा, संस्कृतची जोडाक्षरांची गर्दी आणि तरी ओळ कशी सरळ. मी ‘तीक्ष्ण’ लावतानाच घामाघूम.

गणपत कृष्णाजींना अर्धं पान द्यायचंय. 1831 ला शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग काढणारा हा माणूस. शाईत चरबी म्हणून लोक पोथ्यांना शिवेनात, तेव्हा त्यानं तूप घालून शाई केली. मित्र म्हणाला, तूही करून बघ. तुपाचा भाव विचारला आणि विषय संपला.

आज दुसरं प्रूफ काढलं. ल आणि श बरोबरीला आले. ळ अजून जरा दबलेलाच, त्याला कागदाचा आणखी एक थर लागेल. ‘निर्णयसागर’ची रेघ सागरपर्यंत सलग, फक्त नि नंतर बारीक फट. ती भिंगातून दिसते, पण मला आता भिंगाशिवायही दिसते.

कुणाकडे 12 पॉइंट मराठी वळणाचे ळ पडून असतील तर कळवा. वीस-पंचवीस पुरेत. बदल्यात हिंदी केसीतले द्ध देतो, मूठभर आहेत.