मळखाऊ

आम्ही काहीजणी मिळून वाटण्यासाठी गोधड्या शिवतो. त्यांसाठी जुने कपडे द्या म्हटलं की पहिल्या दिवशी हमखास येतात ब्लाऊजपीस. ओटीत आलेले, घडी न मोडलेले, निदान चार घरं फिरून आलेले. पाठोपाठ टेरिकॉटच्या पँटी, टिकल्या लावलेल्या जॉर्जेटच्या साड्या, इलॅस्टिक गेलेले लेगिंग्ज. गोधडीला हवं असतं ते धुऊन धुऊन विरत आलेलं सुती पातळ. ते ज्यांच्याकडे असतं, त्यांच्या हातून ते सुटत नाही. आणि धोतर तर आता मागायचं कुणाकडे?

निवडण्यातच निम्मी दुपार जाते. बटणं, हूक, चेन काढा. टेरिकॉट घाम टिपत नाही, ते अंगालगत नको. जॉर्जेट टाक्याखालून सरकतं. जीन्सच्या शिवणीवर सुई मोडते. शिंप्याकडच्या चिंध्या दिसायला गोड, पण कोऱ्या; तशाच जुन्या कापडाशेजारी जोडल्या तर पहिल्या धुण्यात आटतात आणि गोधडीला चुण्या पडतात. म्हणून आधी भिजवून वाळवायच्या. लाल तुकडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचा, रंग जातोय का. दिल्लीत १९९९ साली सुरू झालेली ‘गूंज’ संस्थाही शहरांतून आलेले कपडे असेच निवडते, आणि अंगात घालण्याजोगे नसतात त्यांतल्या काहींच्या सुजनी, म्हणजे गोधड्याच, शिवल्या जातात. त्यांच्याकडचे ढीग किती मोठे असतील, या विचारानेच माझी कंबर धरते.

शिवणं त्यामानाने सुखाचं. थर अंथरून कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या, चौघींनी चार बाजू घ्यायच्या आणि धावदोरा घालत कडेकडून आत सरकायचं. प्रत्येक ओळीआधी तळहाताने कापड निपटून सुरकुती पुढे ढकलायची. मधोमध पोचेपर्यंत गुडघे एकमेकींना लागतात आणि सोसायटीतल्या सगळ्या बातम्या संपलेल्या असतात.

वाद होतो तो रंगावरून. दवाखान्याच्या आवारात झोपणाऱ्या नातेवाइकांना, ऊसतोडीच्या खोप्यांवर द्यायच्या, तर मळखाऊ रंग घ्या, असं कुणीतरी म्हणतंच. एका दुपारी आमच्यातल्या सगळ्यात वडील आजींनी डोकं वर न करता विचारलं, “अगं, मळ दिसला नाही तर धुतील कशाला?” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आपल्या नातवाच्या दुपट्याला आपण कधी मळखाऊ कापड शोधत नाही. शोधतो ते दुसऱ्यांसाठी.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडे, मूळ आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी, म्हणजे गोधड्या, शिवतात. त्याही कडेकडून आतच. शेवटी चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. फुलांनी ऊब काडीचीही वाढत नाही. तरी आम्ही ती उचलली. “वाटायच्याच तर आहेत, कशाला एवढं?” असं विचारणाऱ्या वहिनींनाच आता कोपरे देतो. त्यांच्या घड्या सगळ्यांत रेखीव होतात, आणि हे त्यांनाही कळून चुकलंय.

जाडीचं मात्र अजून पटवावं लागतं. जाडजूड गोधडी दिली की देणाऱ्याला बरं वाटतं, हातात वजन लागतं ना. पण पाच-सहा थरांची गोधडी भिजली की पिळायला दोन माणसं लागतात, आणि खोपीबाहेर ती वाळणार कुठे? दोन दिवस दमट राहिली की कुबट वास धरते, मग ती नुसती अंथरायला जाते. म्हणून तीन थरांवर आम्ही जात नाही. थंडी फार असेल तर एकाला दोन द्याव्या. एकावर एक घेता येतात, आणि एक दोरीवर असली तरी दुसरी पांघरायला असते.