पॉविसचा लाल किल्ला आणि टिपूचा तंबू

वेल्समधले किल्ले म्हटलं की लोक उत्तरेला समुद्राकडे धावतात. पॉविस त्या वाटेवर पडत नाही, म्हणून राहून जातो. बर्मिंगहॅमहून श्रूजबरीमार्गे गाडी वेल्शपूलला जाते. गावातल्या बाजारातून वर चढत गेलं की हरणांचं रान लागतं आणि टेकाडावर तांबूस दगडाची ती वास्तू दिसते. वेल्श भाषेत तिचं जुनं नाव चक्क ‘लाल किल्ला’ असंच आहे. तेराव्या शतकात वेल्श राजांनी गढी उभारली, १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने ती विकत घेतली आणि हळूहळू तिचा राहता वाडा केला. १९५२ पासून तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

ताईने आधीच बजावलं होतं, “बाग बघ. आत नाही गेलास तरी चालेल.” ताई बर्मिंगहॅमला बरीच वर्षं आहे, तिचं सहसा ऐकावं.

बागेबद्दल तिचं शंभर टक्के बरोबर. किल्ल्याखालचा उतार तोडून एकाखाली एक लांबलचक टप्पे काढले आहेत. इटालियन धाटणीचं हे काम सतराव्या शतकाच्या अखेरचं. कठड्यावर शिशाचे मेंढपाळ आणि मेंढपाळणी नाचतात, भिंतीच्या कोनाड्यांत कुंड्या ठेवल्यात. ऊन अंगावर घेणाऱ्या या भिंतींच्या आडोशाला एरवी वेल्सच्या थंडीत तग न धरणारी झाडंही मजेत वाढतात. खालच्या हिरवळीवर पूर्वी डच पद्धतीची कारंजी आणि तळी होती, ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली. नुसतं सपाट गवत राहिलं. मला तेच बरं वाटलं. वर एवढा नखरा असताना खाली थोडी विश्रांती हवीच.

पण खरे मानकरी म्हणजे यू नावाची सदाहरित झाडं. लावली तेव्हा ती नीट कातरलेले छोटे शंकू होती. पुढे कातरकामाची फॅशन गेली, झाडं वाटेल तशी वाढली, आणि नंतर कोणीतरी पुन्हा कात्री हाती घेतली तोवर मूळ आकार हाती लागणं शक्य नव्हतं. आता ती भिंतीवरून खाली ओघळतात, जेवण झाल्यावर लोडाला रेललेल्या मंडळींसारखी. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर हिरवाई फक्त वरच्या वीतभर थरात. आत सगळा काळोख आणि उघड्या, तांबूस, पिळदार फांद्या. यांची हजामत उन्हाळा सरताना सुरू होते आणि कित्येक आठवडे चालते. माळी यांत्रिक पाळण्यात उभे राहून कापतात. शिडी कुठे पुरणार!

आता आत. दिवाणखाने, छताची नक्षी, राजेशाही पलंग, हे सगळं इतर वाड्यांतही बघायला मिळतं. मी भरभर उरकलं आणि क्लाइव्ह संग्रहालयाच्या दारात थबकलो.

प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह इथे कधी राहिला नाही. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ मध्ये हर्बर्टांच्या हेन्रिएटाशी लग्न केलं. तिच्या भावाला मूलबाळ नव्हतं, म्हणून कर्जात रुतलेला किल्ला आणि क्लाइव्हांचा हिंदुस्थानी पैसा एकत्र आले. एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर असतानाच १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. टिपूचं सिंहासन फोडून वाटलं गेलं. त्यावरचं सोन्याचं, रत्नजडित वाघाचं एक मुंडकं इथे काचेत आहे. मुठीएवढं असेल, पण डोळे वटारूनच बघतं. शेजारी हुक्के, तलवारी, हस्तिदंती वस्तू.

आणि तंबू. छापील-रंगवलेल्या सुती कापडाचा, कमानींत फुलदाण्या, फुलदाण्यांत लाल फुलं. काही ठिकाणी रंग अजून ओला वाटावा इतका ताजा. फलकावर वाचलं की या घराण्याने तो बागेतल्या मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला. म्हणजे ज्या गवताचं मी मघाशी कौतुक करत होतो, तिथे टिपूच्या तंबूखाली चहापान चालायचं. राग येण्याआधी मला हसूच आलं.

राग मात्र सरळ रेषेत येईना. हाच रॉबर्ट क्लाइव्ह फेब्रुवारी १७५६ मध्ये आपल्या विजयदुर्गावर होता. ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत, आणि तेही तुळाजी आंग्र्यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या करारानुसार. पेशव्यांचं सैन्य बाहेर तिष्ठत राहिलं, इंग्रजांनी किल्ला घेतला आणि आतली लूट आपसांत वाटून टाकली. किल्ला पेशव्यांच्या हाती यायला बदल्यात बाणकोट इंग्रजांना देण्याचा सौदा करावा लागला. तेव्हा ‘त्यांनी नेलं’ म्हणताना ‘आम्ही बोलावलं’ हेही पुटपुटावं लागतं. एका स्वयंसेविका आजींना मी विजयदुर्गाचं सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्पेलिंग विचारून कागदावर उतरवून घेतलं.

जाणार असाल तर ताईचा सल्ला अर्धाच माना. आधी वाडा करा, म्हणजे संग्रहालयाला वेळ मिळतो, मग पूर्ण दुपार बागेला द्या. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी सगळ्यात खालच्या टप्प्यापर्यंत उतरण्याआधी परत चढायचंय हे लक्षात ठेवावं. मोर मोकळे फिरतात आणि चहाच्या टेबलाशी निर्लज्जपणे येऊन उभे राहतात. वेल्श केक त्यांना देऊ नका, स्वतः खा. गरम असतील तर दोन घ्या.