आमची वाटचाल : सोमवारचा गल्ला

अण्णांनी १९७८ मध्ये टॉकीज बांधलं तेव्हा रिळांच्या पेट्या एसटीतून यायच्या. पेटीला उशीर झाला की लोक जिन्यावर बसून शिव्या घालायचे, पण घरी कुणी जायचं नाही. बॅनर, म्हणजे चित्रपट काढणाऱ्या कंपनीचं नाव, मोठं असलं की चित्रपट कसा आहे हे विचारायची पद्धतच नव्हती.

मीही त्याच भरवशावर धंद्यात उतरलो. एका सणाला एका बड्या स्टुडिओचा चित्रपट एमजीवर घेतला. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी. ठरलेली रक्कम वितरकाला आधी मोजायची, मग खुर्च्या भरोत नाहीतर ओस पडोत. चित्रपटाचं नाव घेत नाही. पहिल्या खेळाला बाल्कनी फुल्ल. मध्यंतरात लोक चहाच्या टपरीवर फोन काढून बोलायला लागले आणि रात्रीच्या खेळाला खाली स्टॉलच्या खुर्च्यांत सव्वीस माणसं! त्या आठवड्याचं कर्ज दोन वर्षं फेडत होतो.

तेव्हापासून शुक्रवारच्या, म्हणजे पहिल्या दिवसाच्या, आकड्यावर माझा विश्वास नाही. शुक्रवार जाहिरातीचा, सोमवार चित्रपटाचा.

आता यशराजचंच बघा. २०२२ मध्ये 'सम्राट पृथ्वीराज' पडला, 'शमशेरा' पडला. लोक म्हणाले, संपलं. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या 'पठाण'ने देशात पाचशे कोटींचा टप्पा ओलांडला. मग २०२५ च्या जुलैत 'सैयारा' आला. नायक-नायिका नवखे, प्रदर्शनाआधी मुलाखतीसुद्धा नाहीत. कॉलेजची पोरं भर पावसात आली, रडली, सोमवारी पुन्हा आली. हा चित्रपट देशभरात तीनशे कोटींच्या पुढे गेला. महिनाही झाला नाही तोच, १४ ऑगस्टला, त्याच कंपनीचा 'वॉर २'. हृतिक रोशन, ज्युनिअर एनटीआर, पाण्यासारखा ओतलेला पैसा. पण २०१९ च्या पहिल्या 'वॉर'एवढाही धंदा त्याला देशात झाला नाही. कंपनी तीच, प्रेक्षक तेच, मधे चार आठवडे.

म्हणून 'लोकांना आता थिएटर नको' असं कुणी म्हटलं की मी त्याला २०२३ मधला 'बाईपण भारी देवा' सांगतो. आम्ही बंद करायला निघालेल्या दुपारच्या खेळाला बायका गावागावांतून टेम्पो करून, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या.

आता एमजी बंद. जमलेल्या गल्ल्याच्या टक्केवारीवर द्यायचा तर द्या, नाहीतर दुसरं काही लावतो. एक-दोन मोठे चित्रपट हातचे गेले, जाऊ देत.

खिडकीवर पूर्वी 'बाल्कनी आहे का?' विचारायचे. आता विचारतात, 'कसा आहे हो? खरं सांगा.' आमचा बुकिंग क्लार्क खरं सांगतो. यावरून वितरकाच्या माणसाचा मला फोनही येऊन गेला. क्लार्कला मी काही बोललो नाही. परवाच एका काकांना तो म्हणाला, "मध्यंतरानंतर ढेपाळतो, पण गाणी बरी आहेत." काकांनी थोडा विचार केला आणि दोन तिकिटं घेतली.