‘नाइस’ची कुळकथा

कुणी फोटो पाठवला की आपण ‘नाइस’ लिहून मोकळे होतो. फोटो नीट पाहिलेला नसला तरी चालतं. मन न दुखवता विषय मिटवायला इतका सोयीचा शब्द दुसरा नाही. पण सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुणाला ‘नाइस’ म्हटलं असतं, तर तो अंगावर धावून आला असता. तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख.

मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘नेस्किउस’ म्हणजे ज्याला काही कळत नाही असा. ‘ने’ म्हणजे न, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द १३०० च्या आसपास इंग्रजीत आला. गंमत म्हणजे ‘सायन्स’ची मुळंही त्याच ‘स्किरे’मध्ये. एकाच घरातली दोन भावंडं, एक हुशार आणि दुसरं अगदीच ढ!

पण या ढ भावंडाने पुढे नाव काढलं. मूर्ख म्हणता म्हणता अर्थ छचोरपणाकडे गेला, मग नखरेलपणाकडे. नखरेल माणसाला काहीच पटकन पसंत पडत नाही, म्हणून चोखंदळ. आणि चोखंदळ माणूस बारकावे बघणारच, म्हणून सोळाव्या शतकात काटेकोर, सूक्ष्म. मधल्या काळात इतके अर्थ एकदम नांदत होते की वाचणाऱ्याची पंचाईत व्हावी. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये धर्मगुरू म्हणतो, ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. पत्र वाईट होतं असं त्याला म्हणायचं नाहीये. क्षुल्लक नव्हतं, महत्त्वाचं होतं, एवढंच.

‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकातला, आणि तो आला तो सगळं व्यापूनच. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत (१८१७) नायिका कॅथरीन दुसऱ्या एका कादंबरीला जगातलं सगळ्यात ‘नाइस’ पुस्तक म्हणते. त्यावर हेन्री टिल्नीचं उत्तर असं की नाइस म्हणजे नीटनेटकं ना, मग ते पुस्तकाच्या बाइंडिंगवर अवलंबून! पुढे तो दिवस, फेरफटका, सोबतच्या मुली, सगळ्यांना ‘नाइस’ म्हणत तिची भरपूर टिंगल करतो. टिल्नी जरा आगाऊच आहे, पण या बाबतीत मी त्याच्या बाजूने. सगळ्याला लागू पडणाऱ्या कौतुकात कौतुक ते किती?

‘सिली’ची वाट नेमकी उलटी. जुन्या इंग्रजीत तो होता सुखी, धन्य. मग झाला निष्पाप, मग बिचारा, शेवटी खुळा. एक जिना चढत होता तेव्हा दुसरा उतरत होता.

मला आवडतो तो मधला, काटेकोर अर्थ. तो अजून पुरता गेलेला नाही. इंग्रजीत दोन गोष्टींतला अगदी बारीक फरक दाखवला की त्याला आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत ‘नाइस पॉइंट’ म्हणजे छान मुद्दा नव्हे, कीस काढावा लागेल असा नाजूक मुद्दा. तेव्हा वकिलाने तुमच्या प्रकरणाला ‘नाइस’ म्हटलं, तर खूश होण्याआधी फी विचारावी.