बेसमेंटमधील माशांची खोली उबदार ठेवताना

कॅनडातील टोरांटो आणि मिसिसागा परिसरातील घरांच्या बेसमेंटमध्ये माशांच्या टाक्या ठेवण्याची सोय फार चांगली असते. भरलेल्या टाक्यांचे वजन थेट काँक्रीटच्या जमिनीवर येते, पाणी सांडले तरी ते कोणाच्या छतातून गळत नाही आणि ऊन पोहोचत नसल्याने शेवाळही आटोक्यात राहते. अडचण आहे ती थंडीची. वर बैठकीच्या खोलीत २१ अंश सेल्सिअस असताना बेसमेंटचा बाहेरच्या भिंतीलगतचा कोपरा जानेवारीत सहज १६ अंशांवर उतरतो. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी लागते आणि डिस्कससारख्या माशांना त्याहून गरम, म्हणजे २८ ते ३० अंशांचे.

टाक्या एक-दोनच असतील तर प्रत्येकीत हीटर सोडणे हेच योग्य. त्यासाठी खोली तापवण्याचा खटाटोप करू नये. टाक्या वाढल्या की मात्र हीटर, वायरी आणि प्लग यांची गर्दी होते. शिवाय पाण्यातील हीटरचा थर्मोस्टॅट हा त्यातील सर्वांत कच्चा भाग असतो आणि तो चालू स्थितीत चिकटला तर लहान टाकीतील मासे काही तासांत दगावतात. म्हणून टाक्यांची मांडणी झाल्यावर बरेच हौशी लोक पाण्याऐवजी खोलीच २५-२६ अंशांवर ठेवतात. त्यात एकाच यंत्रावर सगळ्यांचा भार येतो, आणि सुरक्षिततेचा विचारही तेथूनच सुरू होतो.

माझ्या मते हीटर ही या कामातील शेवटची खरेदी असावी. उघड्या काँक्रीट भिंतीचा जमिनीच्या पातळीवर असलेला, बाहेरच्या हवेला लागणारा भाग उष्णता किती सोडतो याचा साधा हिशेब केला, तर आतबाहेरच्या तापमानात ३५ अंशांचा फरक असताना एका चौरस मीटरमधून शंभरेक वॅट निघून जातात. त्याच भिंतीला दोन इंच जाडीचा एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरीनचा) फोमबोर्ड चिकटवला की हा आकडा वीसच्या आत येतो. फोम थेट काँक्रीटला चिकटवावा, सांधे टेपने बंद करावेत आणि त्यावर ड्रायवॉल (जिप्समचा पत्रा) लावावा, कारण उघडा फोम आगीत झपाट्याने पेटतो. काचतंतूंचे गुलाबी गादे थेट काँक्रीटला टेकवून लावणे माशांच्या खोलीत विशेष घातक ठरते. दमट हवा त्यांतून आरपार जाते, थंड काँक्रीटवर तिचे पाणी होते आणि भिंतीमागे कोणाच्या नकळत बुरशी वाढत राहते.

दुसरी गळती डोळ्यांना दिसत नाही, ती पाण्याच्या वाफेची. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा खर्च होते. उघड्या टाक्यांमधून दिवसाला पाच लिटर पाणी उडत असेल, तर १४० वॅटचा हीटर अहोरात्र केवळ त्यापायी चालवल्यासारखे होते. काचेची झाकणे बसवली की हा खर्च मोठ्या प्रमाणात थांबतो. उरलेल्या ओलाव्यासाठी डिह्युमिडिफायर ठेवावा, आणि तो ठेवताना विजेचे बिल वाढेल म्हणून कचरू नये. वाफेचे पुन्हा पाणी होताना तीच उष्णता परत मिळते, आणि यंत्राने घेतलेली वीजही अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. हिवाळ्यात तो हीटरचेच काम करतो. त्याच्या बादलीतील पाणी मात्र टाकीत ओतू नये, कारण ते धातूच्या नळ्यांवरून आलेले असते आणि तांब्याचा अंशही कोळंबीला सोसत नाही.

मग ही दमट हवा एक्झॉस्ट फॅन लावून बाहेरच का फेकू नये, असा प्रश्न साहजिक आहे. उष्णता वाया जाते हे त्याचे एक उत्तर झाले, पण खरा धोका वेगळा आहे. बऱ्याच घरांत शेजारच्याच खोलीत गॅसवर चालणारा वॉटर हीटर असतो, आणि जुन्या पद्धतीचा असेल तर तो ज्वलनासाठी खोलीतीलच हवा घेऊन धूर चिमणीने वर सोडतो. फॅनने बेसमेंटमधील हवा ओढली, वर स्वयंपाकघरातील चिमणी आणि कपड्यांचा ड्रायरही चालू असला, तर तो धूर उलट फिरून घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. हे सगळे पंखे चालू करून, वॉटर हीटर पेटल्यावर काही मिनिटांनी त्याच्या माथ्यावर जेथे चिमणी सुरू होते त्या उघड्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरली, तर उदबत्तीचा धूर चिमणीत ओढला जायला हवा. तो बाहेर ढकलला जात असेल तर पंखे आणि वॉटर हीटर दोन्ही बंद करून गॅसच्या तंत्रज्ञाला बोलवावे. ऑंटारियो प्रांतात गॅसची उपकरणे असलेल्या घरांत झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१४ पासून कायद्यानेच आवश्यक आहे. माशांच्या खोलीबाहेर आणखी एक लावावा. रॉकेलचे किंवा प्रोपेनचे धुराडे नसलेले हीटर तर विचारातही घेऊ नयेत, कारण ते विषारी वायूबरोबर भरपूर वाफही सोडतात.

आता हीटर. दुकानात मिळणारा १५०० वॅटचा, कुठेही उचलून नेता येणारा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १४४० वॅटच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे तो एकटाच मर्यादा ओलांडतो. त्याच सर्किटवर दिवे आणि एअर पंपही असले तर बोलायलाच नको. एक्स्टेंशन कॉर्ड किंवा पॉवर बारवर असा हीटर लावणे हे आगीला आमंत्रण आहे. त्यापेक्षा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून २४० व्होल्टचा, भिंतीला कायम जोडलेला बेसबोर्ड हीटर स्वतंत्र ब्रेकरवर बसवून घ्यावा. तो टाक्यांच्या आणि नळ्यांच्या खाली नसावा. ऐपत असेल तर बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणारा मिनी-स्प्लिट हीट पंप सर्वांत उत्तम, कारण तेवढ्याच विजेत तो दुप्पट ते तिप्पट उष्णता देतो.

हीटर मुद्दाम बेताचा निवडावा, असा माझा आग्रह आहे. भिंती आणि झाकणे नीट झाल्यावर खोलीला ७०० वॅट लागत असतील, तर १००० वॅटचा पुरे. थर्मोस्टॅट चिकटला तरी तापमान हळूहळू चढते आणि लक्षात यायला वेळ मिळतो. त्याच्या जोडीला २९ अंशांना वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच. टाक्यांची उपकरणे जीएफसीआय सॉकेटवर, म्हणजे विजेची गळती होताच ती तोडणाऱ्या सॉकेटवर असावीत, पण सगळी एकाच सॉकेटवर नकोत, नाहीतर एका पंपाच्या बिघाडाने सगळ्या टाक्यांची हवा बंद पडते. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली झोळासारखी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता तेथूनच खाली ठिबकते.

गरम हवा वर जाते, त्यामुळे मांडणीच्या वरच्या आणि खालच्या फळीत तीन-चार अंशांचा फरक पडतो. छतालगत मंद पंखा लावून तो कमी करता येतो. मी तो थोडा राहू देतो. वर डिस्कस, मध्ये टेट्रा आणि गप्पी, तळाशी व्हाइट क्लाउड मिनो आणि पश्चिम घाटातील वाहत्या, थंडसर पाण्यातला डेनिसन बार्ब.

वीज गेली तर काय, याची तयारी येथे गंभीरपणे करावी लागते. डिसेंबर २०१३ च्या हिमवादळात टोरांटोतील सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली होती आणि काहींना ती आठवडाभराहून अधिक काळ मिळाली नाही. अशा वेळी लोक आधी तापमानाची चिंता करतात, पण गर्दीच्या टाकीत प्राणवायू त्याआधी संपतो. म्हणून बॅटरीवरचे एअर पंप हाताशी असावेत आणि खाणे बंद करावे. टाक्यांना बाजूंनी गोधड्या गुंडाळल्या, वर हवेसाठी फट ठेवली, तर मोठ्या टाकीचे पाणी सावकाश थंड होते आणि हळूहळू उतरलेले काही अंश बहुतेक मासे सहन करतात. जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावा, गॅरेजमध्येही नको. कोळशाची शेगडी पेटवून बेसमेंटमध्ये नेण्याचा विचार तर कितीही थंडी असली तरी करू नये.