खुर्च्या नंतर, आधी पावतीपुस्तक

गणेशोत्सव मंडळात नव्या पोराच्या वाट्याला पहिलं काम येतं ते खुर्च्या उचलायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आम्ही आधी पावतीपुस्तक देतो. पैशाचा व्यवहार शिकायला गल्लीत याहून चांगली शाळा नाही.

मोठ्यांचं काम आधीचं. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणीसाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढायची. ती हातात आल्याशिवाय पुस्तकं वाटू नका.

पुस्तक ५० पावत्यांचं पुरे. देताना वहीत नाव, कोणत्या क्रमांकापासून कुठवर, तारीख आणि सही. जोडीनेच पाठवा: एक बोलेल, दुसरा लिहील. रक्कम अंकी आणि अक्षरी, शिवाय रोख की ऑनलाइन तेही. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. मूळ आणि स्थळप्रत (पुस्तकात राहणारा भाग) दोन्हींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच टाचायच्या. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा, कुणा कार्यकर्त्याचा नव्हे. 'परवा देतो' म्हणणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत. पैसे येईपर्यंत पावती नाही. अन् 'नाही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढचं दार. हे पोरांना सगळ्यात जड जातं.

रोज रात्री हिशेब. पाचशेच्या किती, शंभरच्या किती, सुटे किती, असं नोटांप्रमाणे लिहून बेरीज स्थळप्रतींशी ताडायची. फरक आला की आधी त्याला ९ ने भागून बघा. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत: २५१ चे २१५ लिहिले की फरक ३६. पोरांना ही युक्ती जादूसारखी वाटते, पण रक्कम सापडते. भाग गेला नाही तर एखादी पावती राहून गेली का, ते बघायचं.

सगळ्यात महागात पडते ती सवय म्हणजे जमा झालेल्या रोखीतूनच फुलवाल्याला देऊन टाकणं. जमाही कमी दिसते, खर्चही, आणि आठ दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही. म्हणून आलेली रोख आधी खजिनदाराकडे, तिथून बँकेत. खर्च वेगळ्या व्हाउचरवर, बिल जोडून. हारवाला बिल देत नसेल तर व्हाउचरवर त्याची सही घ्यायची.

विसर्जनानंतरचा ताळा मुलांकडूनच मांडून घ्या. मागील शिल्लक ३,२००, वर्गणी ४१,५००, खर्च ३८,१५०. उरायला हवेत ६,५५०. बँकेत ५,००० असतील तर पेटीत १,५५० निघालेच पाहिजेत. येणं राहिलेली वर्गणी यात धरायची नाही. नवशिका खजिनदार इथे हमखास फसतो.

मग जमाखर्च फलकावर लावायचा आणि ज्यांनी लिहिला त्या दोघांना संध्याकाळी तासभर तिथेच उभं करायचं. 'मंडपाला एवढे कसे?' असं एखाद्या काकूंनी विचारलं की बिलाची फाइल त्यांनीच उघडायची, खजिनदाराने मध्ये बोलायचं नाही.