जामीन झाला, सुटका नाही

तुरुंगभेटीत कच्चे कैदी बहुतेक एकच विचारतात, पुढची तारीख कधी? त्या दिवशी एकाने वेगळंच विचारलं. "मॅडम, बेल हो गयी ना? फिर मैं अंदर क्यों?" आणि प्लास्टिकच्या पिशवीतून घड्या पडून फाटायला आलेली आदेशाची प्रत पुढे केली. मोबाइलचोरी. पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतःच लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आदेशाला तीन महिने उलटून गेलेले.

माणूस परराज्यातला, बांधकामावर बिगारी. या शहरात रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन त्याच्यासाठी कोर्टात येणार कोण? मुकादमाने तर फोन उचलणंच बंद केलेलं.

मी गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात काम करते. २०२२ च्या योजनेपासून आम्ही पूर्णवेळ, खासगी केस घ्यायची नाही. रिमांडला आरोपीच्या बाजूने रोज कुणीतरी उभं असतं, हा फरक मोठा आहे, मी तो छातीठोकपणे सांगते. पण अहवालात रकाना असतो तो 'जामीन मंजूर'चा. माणूस बाहेर आला का, याला रकाना नाही. (असता तर आमचे आकडे इतके देखणे दिसले नसते.)

खरं तर सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ लाच सांगून ठेवलंय: सात दिवसांत सुटका नाही झाली, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असंही त्यातच सुचवलंय. त्याच्याही आधी, १९७८ च्या मोतीराम खटल्यात, परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही म्हणून एक गवंडी अडकला होता.

अट बदलण्याचा अर्ज लावला. सरकारी वकील म्हणाले, पळून जाईल. न्यायाधीशांनी कागद वाचले आणि मलाच विचारलं, "तीन महिने हा अर्ज कुणीच का केला नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जामीनदाराची अट काढली, जातमुचलक्यावर सोडलं, पोलीस ठाण्यात आठवड्याची हजेरी लावली. आदेश ईमेलने तुरुंगात गेला आणि दुसऱ्या दिवशी तो सुटला.

आता तुरुंगाकडून मी 'जामीन झालेले, पण न सुटलेले' अशी वेगळी यादी मागवते. पहिलीच दोन पानी निघाली, बहुतेक परगावचे. त्यातल्या एकीचा अर्ज उद्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आहे.